नाव आणि चेंडू

दोन गोष्टींत सरस कोणती, हा वाद घालताना मराठी माणसाला जे सुख होते, ते त्या दोन गोष्टी उपभोगतानाही होत नसावे. बालगंधर्व की केशवराव भोसले, वऱ्हाडी ठेचा की कोल्हापुरी रस्सा, एस.टी.चा प्रवास की आगगाडीचा, विषय कोणताही चालतो. वादाला दोन कडवे पक्ष हवेत आणि मध्ये बसायला एक तिऱ्हाईत हवा. आमच्या चंद्रपूरकडे हे तिऱ्हाइतपण पुष्कळदा मराठीच्या प्राध्यापकाकडे चालत येते. ज्याने जन्मभर कलावाद्यांना आणि जीवनवाद्यांना निम्मे निम्मे गुण वाटले, त्याला कोणत्याही भांडणात निम्मे निम्मे करता येईल, अशी लोकांची भाबडी समजूत असते.

माझ्या वाट्याला आलेले भांडण फुटबॉलचे होते. पण मैदानावरच्या फुटबॉलचे नव्हे; संगणकाच्या पडद्यावर, हातात बटणांचे ठोकळे धरून, पंख्याखाली बसून खेळायच्या फुटबॉलचे. वादी माझे अकरावीतले चिरंजीव आणि प्रतिवादी माझा पुतण्या. हा पुतण्या पुण्याला इंजिनिअरिंग शिकतो असे आम्ही म्हणत असू. पण २०२१ च्या त्या सप्टेंबरात कॉलेजांचे वर्ग करोनामुळे अजून घरोघरच भरत होते, आणि तो बल्लारपूरच्या आपल्या घरून स्कूटीवर बसून रोज आमच्याकडे येई. 'काकांकडचे इंटरनेट चांगले आहे' हे त्याने घरी सांगितलेले कारण.

या खेळातही गाण्यासारखी दोन घराणी आहेत. एक कॅनडातले. ईए स्पोर्ट्स या कंपनीने १९९३ साली 'फिफा' नावाचा खेळ काढला आणि पुढे जवळजवळ दर वर्षी त्याची नवी आवृत्ती काढली. दुसरे घराणे जपानचे. कोनामी कंपनीचा 'प्रो इव्होल्यूशन सॉकर', पोरांच्या तोंडी 'पेस'. हे नाव २००१ पासूनचे. घराणे त्याहून जुने. या दोहोंत भेद कशाचा? पुतण्याने तो मला एका वाक्यात समजावला. "काका, फिफाकडे नावं आहेत आणि पेसकडे खेळ आहे."

नावे म्हणजे काय, हे मला आधी कळेना. मग कळले की खेळाडूचे नाव, संघाचे चिन्ह, सदऱ्याचा रंग हे सारे विकत घ्यावे लागते. फिफाने हे हक्क भराभर घेतले. जपानी मंडळींना ते सगळीकडे जमले नाही. मग त्यांनी काय करावे? रॉबर्टो कार्लोस हा ब्राझीलचा नामांकित खेळाडू. त्याचे त्यांनी 'रॉबर्टो लार्कोस' करून टाकले. हॉलंडच्या खेळाडूंना तर नावेच नाहीत. 'ऑरेंजेस ००१' असे तुरुंगातल्या कैद्यासारखे क्रमांक. लिव्हरपूलचा संघ 'मर्सीसाइड रेड' आणि चेल्सीचा 'लंडन एफसी'. तरीही पोरे या खेळावर जीव टाकीत, कारण चेंडू पायात आला की लार्कोस हुबेहूब कार्लोससारखा धावे. जगभरचे हौशी लोक घरी बसून खरी नावे टंकलिखित करीत आणि ती यादी एकमेकांना फुकट वाटीत. नाव नसलेल्या माणसाला नाव मिळावे म्हणून परक्या लोकांनी इतकी खटपट केलेली मी दुसरीकडे कोठे ऐकलेली नाही.

मला यावरून झाडीपट्टीचे नाटक आठवले. वडशाकडच्या नाटक कंपन्या दिवाळी सरली की गावोगाव निघतात. पोस्टरवर मुंबईच्या कोणा नट-नटीचे नाव मोठ्या अक्षरांत असते. ते नाव वाचून गाडी जुंपली जाते, तिकीट खपते. पण रात्री दोननंतर, थंडी पडल्यावर, माणसे जागी राहतात ती त्या नावामुळे नव्हे. ती जागी राहतात आपल्याच मुलखातल्या कोणा नटामुळे, ज्याचे नाव पोस्टरच्या तळाशी बारीक टाइपात असते. मी हे बोलून दाखवताच पुतण्या खूश झाला. चिरंजीव मात्र म्हणाले, "पण बाबा, पोस्टर नसतं तर लोक आलेच नसते ना!" मुद्दा बिनतोड होता. मी निम्मे निम्मे गुण दिले.

त्या वर्षी योग असा आला की दोन्ही घराण्यांचे नवे खेळ एकाच आठवड्यात हाती लागले. 'फिफा २२' ची विक्री १ ऑक्टोबरपासून. पण वर्गणीदारांना तो २२ सप्टेंबरपासून दहा तास चाखून पाहता येई. चिरंजिवांनी ते दहा तास दिवाळीच्या तेलासारखे पुरवून पुरवून वापरले आणि शेवटचे तीन तास तुलनेसाठी राखून ठेवले. दुसरीकडे कोनामीने आपले 'पेस' हे नावच मोडीत काढले होते. नव्या खेळाचे नाव 'ईफुटबॉल', आणि तो ३० सप्टेंबरला साऱ्या जगाला फुकट मिळायचा होता. तो रात्रभर उतरवून घेतला आणि दुसऱ्या दिवशी दुपारी मला मधल्या खुर्चीवर बसवण्यात आले. सामना दोनदा वीज गेल्यामुळे थांबला. २९२० मेगावॉटचे औष्णिक केंद्र ज्या गावाच्या उशाशी आहे, त्या गावातली वीज जाते, यावर आमच्या मातोश्रींची 'दिव्याखाली अंधार' ही टिप्पणी ठरलेली आहे. ती त्या दिवशीही झाली.

आता माझा निवाडा. फिफा हातात घेतला की पहिली पाच मिनिटे लग्नघरात शिरल्यासारखे वाटते. रोषणाई, गाणी, समालोचकाची लगबग. त्यात त्या वर्षी आपली इंडियन सुपर लीगही प्रथमच आलेली. मुंबई सिटीचा संघ, नुकताच विजेता ठरलेला, पडद्यावर आपल्या खऱ्या नावानिशी उतरला तेव्हा, खोटे कशाला बोलू, मला बरे वाटले. चेंडू मात्र फार आज्ञाधारक. बटण दाबावे आणि तो जावा. खेळाडू धावतात चपळ. पण सारे एकाच तालमीत शिकल्यासारखे. जाहिरातीत म्हटले होते की बावीस खेळाडूंना अंगभर यंत्रे बांधून खराखुरा सामना खेळवला आणि त्यांच्या हालचाली टिपल्या. पण हा चमत्कार महागड्या नव्या यंत्रांपुरता होता. साध्या संगणकाच्या आवृत्तीत तो नव्हताच. पंगतीत आपल्या पानापर्यंत येता येता जिलेबी संपते, तसे झाले.

ईफुटबॉलची गत उलटी. त्यात संघ नऊच. खेळ संथ. पण चेंडूला वजन होते. तो पायाला लागून थोडा दूर सरकायचा आणि त्याच्यामागे जावे लागायचे. पाठीवर प्रतिस्पर्धी आला की अंगाचा टेकू द्यावा लागे. ही जपानी घराण्याची जुनी गायकी, असे पुतण्या भक्तिभावाने सांगत होता, तोच एका जगप्रसिद्ध खेळाडूचा चेहरा जवळून दिसला. भूत पाहिल्यासारखे त्याचे डोळे ताठरले होते. दोघे धावताना एकमेकांच्या आरपार गेल्यासारखे दिसले. खेळ अर्धकच्चा बाहेर काढला होता. जगभर त्याची इतकी हेटाळणी झाली की दुसऱ्याच दिवशी कंपनीला माफी मागावी लागली. पुतण्या गप्प झाला. ज्या घराण्याने नावे नसताना खेळ राखला, त्याने नाव बदलले आणि खेळच पातळ केला. त्याचे तोंड पाहून मला हसवेना.

याच वेळी दारात माझा एक विद्यार्थी आला. एटापल्ली तालुक्यातल्या आतल्या गावचा. मातृभाषा माडिया, मराठी शाळेत शिकलेली. तरी त्याची बी.ए.ची मराठीची उत्तरपत्रिका मी जपून ठेवावी अशी. गावात मोबाइलला रेंज नाही, म्हणून ऑनलाइन वर्गांसाठी तो चंद्रपुरात खोली घेऊन राहिला होता. हातात प्लॅस्टिकची फाइल. पोरांनी त्याला बसवून घेतले, हातात तिसरा ठोकळा दिला आणि फिफातला संघ निवडायला सांगितले. त्याने काळ्या-पांढऱ्या सदऱ्याचा एक संघ निवडला. 'पिएमोंते काल्चो'.

पोरे हसू लागली. "अरे, ते खोटं नाव आहे. ती टीम युव्हेंटसची आहे." झाले होते असे की इटलीच्या युव्हेंटसने आपल्या नावाचे हक्क कोनामीला दिले होते, आणि म्हणून नावांचा कुबेर असलेल्या फिफालाही तीन वर्षे त्या संघाला टोपणनावाने नाचवावे लागत होते. विद्यार्थ्याने हे सारे ऐकून घेतले. मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाला, "इथं नाव चुकलं तरी खेळू देतात का, सर?"

तो विनोद करीत नव्हता. त्याच्या फाइलीत चार कागद होते आणि चार कागदांवर त्याचे आडनाव तीन प्रकारे लिहिलेले होते. शाळेच्या दाखल्यावर 'ट', जमातीच्या दाखल्यावर 'त', आणि वडिलांच्या नावे असलेल्या सातबाऱ्यावर एक काना गळालेला. कसे झाले हे मला दिसत होते. माडिया उच्चार मराठी कानाने ऐकायचा, प्रत्येक गुरुजीने, प्रत्येक कारकुनाने आपापल्या कानाप्रमाणे लिहायचा. मग कोणी तो इंग्रजीत उतरवायचा, जिथे 'ट' आणि 'त' यांना अक्षर एकच. आणि पुढच्या टेबलावर संगणकाने ते पुन्हा मराठीत आणायचे. तीन पिढ्या ज्या नावाने हाका मारल्या ते नाव कोठेच उरत नाही. त्याला बी.एड.ला प्रवेश घ्यायचा होता. त्यासाठी जमातीच्या दाखल्याची पडताळणी हवी, आणि एका कचेरीत त्याला सांगण्यात आले होते की हे तीन निरनिराळे इसम दिसतात.

रॉबर्टो लार्कोस रॉबर्टो कार्लोसच आहे, हे जगातल्या सगळ्या पोरांना न सांगता कळले, कारण त्याच्या पायात चेंडू होता आणि तो सगळ्यांना दिसत होता. माझ्या विद्यार्थ्याचा चेंडू त्या कचेरीतल्या कोणाला दिसणार? तिथे त्याचा निबंध कोणी वाचणार नव्हते. तिथे माणूस म्हणजे कागदावरचा काना.

त्या दुपारी तुलना तिथेच थांबली. पुतण्याने संगणकावर प्रतिज्ञापत्राचा मसुदा टंकला, चिरंजिवांनी कागद पडताळून कोणत्या कागदावर कोणते अक्षर याचा तक्ता केला, आणि मी भाषेचा प्राध्यापक या नात्याने ही तिन्ही रूपे एकाच उच्चाराची का होतात याचे एक पत्र लिहिले. त्या पत्राचा उपयोग किती झाला, देव जाणे. पहिल्या शाळेच्या नोंदवहीचा उतारा, आजोबांच्या वेळचा कागद, राजपत्रातली जाहिरात असे करीत प्रकरण मार्गी लागले, पण त्यात त्याचे एक वर्ष गेले. प्रवेश मिळाला तो २०२२ मध्ये.

गंमत पाहा. त्याच २०२२ च्या मे महिन्यात ईए कंपनी आणि फिफा ही फुटबॉलची जागतिक संघटना यांचा काडीमोड जाहीर झाला. नावांवर मोठा झालेला खेळ स्वतःचेच नाव गमावून बसला. सप्टेंबर २०२३ पासून तो 'एफसी' म्हणून ओळखला जातो. आणि डिसेंबर २०२४ मध्ये फिफाने रियाधला पडद्यावरच्या फुटबॉलचा जो विश्वचषक भरवला, तो खेळवला कोनामीच्या ईफुटबॉलवर! ज्याच्याकडे नाव नव्हते त्याच्या दारी नाव चालत आले. दोन्ही घराण्यांचे चाहते चार दिवस हळहळले आणि पुन्हा खेळू लागले. कोणाचेही वर्ष गेले नाही. पुतण्या हल्ली नोकरीत आहे. तो एफसी खेळतो आणि पेसच्या आठवणी काढतो, हे आपल्या पिढीच्या नाट्यसंगीताच्या प्रेमासारखेच झाले.

माझा विद्यार्थी आता गडचिरोलीतल्या एका आश्रमशाळेत तासिका तत्त्वावर शिकवतो. जूनमध्ये प्रवेश सुरू झाले की तो नोंदवहीजवळ जाऊन बसतो. पोराच्या आईला नाव दोनदा उच्चारायला लावतो, मग लिहितो, मग लिहिलेले तिला वाचून दाखवतो. मुख्याध्यापक म्हणतात, याने रांग लांबते. लांबते खरी.

मागच्या खेपेला फोनवर तो सांगत होता की त्याच्या गावाजवळ आता टॉवर झाला आहे आणि सुट्टीत घरी गेलेली मोठी पोरे मोबाइलवर ईफुटबॉल खेळतात. संघाला त्यांनी आपल्या गावाचे नाव दिले आहे. ते इंग्रजी अक्षरांत लिहिले आहे, त्यामुळे 'ट' की 'त' हे कळायला मार्ग नाही. पण पोरांना विचारले तर ती मोठ्याने म्हणून दाखवतात.