एकशे तिसरा बोगदा

सुटीत मुलांना हवापालट हवा असतो आणि त्यासाठी आईला डबे भरावे लागतात! कालक्याहून सिमल्यास जाणारी छोटी आगगाडी १९०३ साली सुरू झाली. सुमारे ९६ किलोमीटरचा हा चढ चढण्यास तिला पाच तास अपुरे पडतात. आमच्या दशम्या मात्र धरमपूरपूर्वीच संपल्या.

चिरंजीवांनी बोगदे मोजण्याचे व्रत घेतले होते. बडोगचा ३३ क्रमांकाचा बोगदा एक किलोमीटरहून लांब. त्या काळोखात कन्येने हळूच माझा हात धरला. पुढील वर्षी ती शिक्षणासाठी परगावी जाणार. अलीकडे चारचौघांत आईचा हात धरणे तिला कमीपणाचे वाटते. उजेड आला, तरी तिने तो सोडला नाही. मीही खिडकीबाहेरचे देवदार फार लक्षपूर्वक पाहू लागले.

सिमल्यालगतच्या शेवटच्या बोगद्यावर १०३ हा आकडा, आणि चिरंजीवांची मोजणी १०२! बडोगला ते कटलेट खात असता पुढची मोजणी वडिलांकडे सोपविली होती. ४६ क्रमांकाचा बोगदा आता अस्तित्वातच नाही, असे एका सहप्रवाशाने समजावले. परंतु तो बोगदा वडिलांनीच झोपेत गमावला, हा आरोप आमच्या घरी अद्याप कायम आहे.