मखमलीचा ठसा

आमच्या मोहल्ल्यात एक वाक्य फार ऐकू येतं: "जास्त गोळ्या खाल्ल्या की बदनाला सवय होते, मग दवा लागू पडत नाही." यातला 'बदन' चुकीचा. बदलतो तो जंतू.

आणि तोही काही शिकत नाही. एकाचे दोन होताना जंतू आपल्या जनुकांची नक्कल उतरवतो, आणि कातिबाच्या हातून नुक्ता हलावा तशी कधी चूक होते. (उर्दू शिकवणाऱ्यांना हे लगेच पटेल. वरचा नुक्ता खाली आला की 'खुदा'चा 'जुदा' होतो.) कोट्यवधींत एखाद्याची चूक अशी निघते, की औषध त्याच्यावर चालतच नाही. बाकीचे मरतात, तो उरतो, आणि सगळं रान त्याचं.

1952 मध्ये जोशुआ आणि एस्थर लेडरबर्ग यांनी जंतूंच्या बशीवर मखमलीचं कापड दाबलं आणि तोच ठसा स्ट्रेप्टोमायसिन घातलेल्या बशीत उमटवला. तिथं जे टिकले, त्यांचे भाऊबंद मूळ बशीत त्याच जागी सापडले. या भाऊबंदांनी औषध कधी पाहिलंही नव्हतं!

म्हणून टीबीला सुरुवातीला चार औषधं एकत्र देतात. एकच जंतू चौघांतून सुटणं जवळपास अशक्य.

माझ्या एका विद्यार्थ्याचे अब्बू यंत्रमागावर. दुसऱ्या महिन्यात खोकला थांबला, वजन वाढलं. घरात मुलीच्या रिश्त्याची बोलणी चालू होती, पाहुण्यांना गोळ्या दिसू नयेत म्हणून त्या बंद झाल्या. मला त्यांना दोष देववत नाही. टीबीचं नाव निघताच रिश्ते मोडताना मी पाहिले आहेत. आजार उलटला तेव्हा रिफाम्पिसिन निकामी झालेलं होतं. मग कित्येक महिने रोज इंजेक्शनं. त्यांनी जीव वाचला, पण कान गेले.

यंदा मुलाला टीबी निघाला. जंतू आधीच रिफाम्पिसिनला न जुमानणारा. त्यानं जन्मात टीबीची एकही गोळी चुकवलेली नाही, कारण कधी घेतलेलीच नव्हती.

आता त्याला इंजेक्शनं नाहीत, बेडाक्विलिन आणि सोबतच्या गोळ्या आहेत. रमजानच्या तोंडावर त्यानं विचारलं, "मॅडम, रोजे?" मी सूरह बकरा उघडून दाखवली. आजारी माणसानं ते दिवस नंतर भरून काढावेत, असं तिथं स्पष्ट आहे. त्यानं वाचलं, आणि अब्बूंना ऐकू जावं म्हणून मोठ्यानं पुन्हा वाचलं.