फोनवर नको, भेटून बोलू!

आमच्या तालुक्यात सध्या सगळ्यात जास्त ऐकू येणारं वाक्य कुठलं असेल, तर हेच. पूर्वी फक्त पुढारी असं बोलायचे. आता तलाठी बोलतो, ठेकेदार बोलतो, सोसायटीचा सचिव बोलतो, लग्न जमवणारा मध्यस्थ बोलतो. घराघरांत सख्खे भाऊसुद्धा एकमेकांना हेच सांगायला लागलेत.

कारण सगळ्यांना ठाऊक आहे. कॉल रेकॉर्डिंग.

2016 च्या सप्टेंबरात जिओ आलं आणि स्वस्त स्मार्टफोन गावोगाव पोचले. नेटवर खूप लिहिलं गेलं, मीही लिहिलं. पण त्यातल्या कितीतरी फोनमध्ये आणखी एक सोय होती, जिच्याकडे आपलं लक्ष नव्हतं. सेटिंगमध्ये जाऊन एकदा चालू केलं की येणारा-जाणारा प्रत्येक कॉल आपोआप साठवला जायचा. मोबाईल दुकानातला पोरगा नवीन फोन देतानाच विचारायचा, "काका, रेकॉर्डिंग ऑन करून देऊ?" काका म्हणायचे, "दे करून, असू दे."

पुढे बंधनं आली. बाहेरून टाकलेल्या रेकॉर्डिंग अ‍ॅपना गुगलने मे 2022 मध्ये चाप लावला. बऱ्याच फोनमध्ये आता रेकॉर्डिंग सुरू झालं की समोरच्यालाही तशी सूचना ऐकू येते. आयफोनमध्ये ही सोय 2024 च्या ऑक्टोबरात आली, तीही सूचनेसकटच. पण आपली माणसं थांबतात होय? कॉल स्पीकरवर टाकायचा आणि शेजारी दुसरा फोन धरायचा. झालं काम.

आता मुद्द्यावर येतो. रेकॉर्डिंग वाईट आहे असं मी म्हणणार नाही. सातबाऱ्यावरच्या नोंदीसाठी, वीज कनेक्शनसाठी, घरकुलाच्या हप्त्यासाठी ज्याच्याकडे पैसे मागितले जातात, त्या माणसाकडे पूर्वी काय होतं? "साहेबांनी मागितले" एवढं तोंडी सांगणं. त्यावर कोण विश्वास ठेवणार? फोनने त्याच्या हातात पहिल्यांदा पुरावा दिला. हुंड्याचंही तेच. 1961 पासून कायद्याने बंदी आहे, पण मागणी आडून आडून होते. "आमचं काही म्हणणं नाही हो, पण पाहुण्यांत बरं दिसत नाही." अशी बोलणी रेकॉर्ड करून ठेवणारा मुलीचा बाप मला चुकीचा वाटत नाही.

आणि हे काही नवीन नाही. 1964 साली मुंबईच्या तेव्हाच्या कॉरोनरने एका डॉक्टरकडे लाच मागितल्याचं प्रकरण झालं होतं. लाचलुचपत विभागाच्या पोलिसांनी फोनला टेपरेकॉर्डर जोडून ते बोलणं टिपलं. आर. एम. मलकानी विरुद्ध महाराष्ट्र राज्य या नावाने तो खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि 1972 मध्ये न्यायालयाने ती टेप पुरावा म्हणून मान्य केली. तेव्हा त्यासाठी पोलीस आणि भलंमोठं यंत्र लागलं. आज ते यंत्र प्रत्येकाच्या खिशात आहे.

पण गेल्या पाच-सात वर्षांत मी जे बघतोय ते असं, की ज्यांनी या यंत्राला घाबरायला हवं होतं ते सगळ्यात आधी हुशार झाले. पैसे मागणारा आता फोनवर पैशाचा शब्दच काढत नाही. "बाहेरच्या झेरॉक्सवाल्याला भेटा" म्हणतो. किंवा "व्हॉट्सअ‍ॅपवर कॉल करा," कारण तो सहज रेकॉर्ड होत नाही अशी त्याची समजूत. समोर बसलं तर आधी तुमचा फोन टेबलावर ठेवायला लावतो. निवडणुकीच्या आधी ज्या बैठका होतात, तिथे दाराशीच फोन गोळा होतात. आकडा बोटांनी दाखवतात, नाहीतर कागदावर लिहून लगेच फाडतात.

मग रेकॉर्डिंगमध्ये सापडतं कोण? साधी माणसं. जमिनीच्या वाटणीत बहीण रागाच्या भरात वहिनीबद्दल काहीतरी बोलते, आणि महिन्याभराने तेच बोलणं भावकीच्या बैठकीत मोबाईलवर वाजतं. चाळीस मिनिटांच्या बोलण्यातलं चाळीस सेकंदांचं कापून गावाच्या ग्रुपवर पडतं. रागात बोललेला शब्द पूर्वी दोन दिवसांनी विरून जायचा. दिवाळीला कुणीतरी फराळाचा डबा घेऊन यायचं आणि विषय मिटायचा. आता तो शब्द फाइल होऊन पडून राहतो.

माझ्या धंद्यात याचा फटका रोज दिसतो. कार्यालयातला एखादा प्रामाणिक क्लार्क पूर्वी फोन करून सांगायचा, "अमुक टेंडरची फाइल बघा जरा." नाव छापलं जाणार नाही, एवढा भरवसा त्याला पुरायचा. आता तो फोनवर फक्त पावसापाण्याचं बोलतो. त्याला माझी भीती नाही, फोनची आहे. खाणारा बोलत नाही आणि सांगणाराही बोलत नाही. असं झालं की गावाला आतली गोष्ट कळायची कशी?

14 जुलै 2025 ला सर्वोच्च न्यायालयाने नवरा-बायकोच्या खटल्यात एकमेकांचं गुपचूप केलेलं रेकॉर्डिंग पुरावा म्हणून चालेल असा निकाल दिला. त्यात न्यायालयाने म्हटलं त्याचा अर्थ असा, की जोडीदार एकमेकांवर पाळत ठेवायला लागले असतील तर ते नातं आधीच तुटल्याचं लक्षण आहे. मला हे वाक्य नवरा-बायकोपुरतं वाटत नाही. गावालाही लागू पडतं.

म्हणून माझं स्पष्ट मत. ज्याच्या हातात तुमचं काम, तुमचा पैसा, तुमची सही अडकली आहे, त्याचं बोलणं खुशाल रेकॉर्ड करा. पण ते ग्रुपवर टाकू नका. ग्रुपवर टाकलं की दोन दिवस चर्चा होते आणि तो माणूस सावध होतो. लाचेची मागणी असेल तर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा 1064 हा टोल फ्री नंबर आहे, तिथे कळवा. ते पंचांसमोर मागणीची खात्री करतात आणि मगच सापळा लावतात. मूळ फाइल कापू नका, ज्या फोनमध्ये आहे तो फोन विकू नका. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 63 प्रमाणे अशा पुराव्यासोबत प्रमाणपत्र द्यावं लागतं. वकिलाला विचारा.

आणि ज्याच्यासोबत तुम्हाला उद्याही राहायचंय, जेवायचंय, मयतीला खांदा द्यायचाय, त्याचं रेकॉर्डिंग करू नका. असेल तर डिलीट करा. भाऊ, बहीण, शेजारी, मित्र यांना रागात चार शब्द वेडंवाकडं बोलायची मुभा असलीच पाहिजे. तेवढीही राहिली नाही, तर उद्या आपण भेटल्यावरसुद्धा एकमेकांच्या खिशाकडे बघतच बोलू.

तुमच्या गावात काय चित्र आहे? मोकळेपणाने सांगा.