जिना दिसतो, पण हलत नाही

आम्ही शिक्षक मंडळींनी एक त्रास चांगलाच भोगलाय. श्रीलिपीत टाईप केलेली प्रश्नपत्रिका दुसऱ्या शाळेच्या कॉम्प्युटरवर उघडायची आणि दिसायची सगळी अगम्य चिन्हं! युनिकोड आल्यावर ते बरंच थांबलं. बांधकामाच्या सॉफ्टवेअरमध्ये मात्र हे दुखणं अजून आहे, आणि जास्त अवघड आहे.

मी डिप्लोमा सिव्हिलच्या मुलांना बीआयएम शिकवते. यात इमारतीचं नुसतं चित्र नसतं. भिंतीला स्वतःची जाडी, थर, साहित्य माहीत असतं. दार सरकवलं की भिंतीतलं भोकही सरकतं. मागच्या वर्षी एक विद्यार्थिनी ट्रेनिंगला गेली. तिथे रेव्हिट 2024, आमच्या लॅबमध्ये 2022. तोंडी परीक्षेच्या दोन दिवस आधी ती प्रोजेक्ट घेऊन आली, आणि फाईल उघडेना. रेव्हिटची जुनी फाईल नव्या आवृत्तीत उघडते, नवी जुन्यात नाही. ऑटोकॅडसारखं 'जुन्या आवृत्तीत सेव्ह करा' इथे नाहीच. पोरगी रडकुंडीला आली.

मग ऑफिसातून आयएफसी फाईल मागवली. कुठल्या एका कंपनीच्या मालकीचं नसलेलं हे सामायिक रूप बिल्डिंगस्मार्ट ही संस्था सांभाळते. 2013 पासून ते आयएसओ 16739 हे मानक आहे. इमारत दिसली! पण जिन्याच्या पायऱ्यांची उंची बदलायला गेलो, तर जिना ढिम्म. आकार आला होता, त्यामागचे नियम मागेच राहिले होते. दारं-खिडक्यांचा तक्ता आणि ड्रॉइंगची पानंही आली नाहीत. तसं पाहिलं तर आयएफसीचा हेतूच माहिती पोचवण्याचा. तिकडे जाऊन पुन्हा जसंच्या तसं काम करता यावं, असा नाही. ती पानं शेवटी पीडीएफमध्ये मिळाली.

परीक्षकांनी विचारलंच, जिना का बदलत नाही? तिने कारण नीट सांगितलं. त्यावरच दहा मिनिटं चर्चा रंगली.

पालक मला विचारतात, "मॅडम, कुठल्या सॉफ्टवेअरचा क्लास लावू?" फी भरपूर असते, त्यांची काळजी खरी आहे. मी म्हणते, क्लासवाल्यांना विचारा, आयएफसी शिकवता का? बहुतेक जण गप्प बसतात.

यंदा पहिल्याच प्रॅक्टिकलला अर्धी मुलं रेव्हिटवर बसवली, अर्धी फुकट मिळणाऱ्या फ्रीकॅडवर. एक खोली, एक दार, एक खिडकी. फाईल एकमेकांना द्यायची आणि काय हरवलं ते वहीत लिहायचं. तासाची घंटा झाली तरी कोणी उठेना.