दुःखाला मागणी, कामाला नाही

आपल्या समाजाच्या दुःखाला हल्ली बाहेर फार मागणी आहे. महिला दिन असो, संविधान दिन असो, कॉलेजचा एखादा कार्यक्रम असो, कोणाला तरी आठवण होते की आपल्यातली एक वक्ती पाहिजे. मग फोन येतो, "तुमचा अनुभव सांगा." अनुभव म्हणजे काय, हे त्यांच्याकडे आधीच ठरलेले असते. ओंजळीत वरून पाणी ओतले, शाळेत दाराशी बसवले, देवळाच्या पायरीवरून हाकलले. याखेरीज आपल्याकडे सांगण्यासारखे काही असेल, हे विचारणाऱ्याच्या मनातही येत नाही.

हे खोटे आहे असे माझे म्हणणे नाही. हे सगळे आपल्या आईबापांनी भोगले आहे आणि खेड्यापाड्यांत आजही कोणी ना कोणी भोगते आहे. पण आपल्याकडून फक्त तेवढेच का मागितले जाते, हा विचार आपण घरी बसून केला पाहिजे.

माझी भाची, म्हणजे माझ्या भावाची मुलगी, रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाली. डोंबिवली एम.आय.डी.सी.मधल्या एका लॅबमध्ये पाणी तपासण्याचे काम करते. आम्ही कल्याण पूर्वेला राहतो. पावसाळा लागला की आमच्या चाळींत पोरांची पोटे बिघडतात, हे दर वर्षीचे. तिने सुट्टीच्या दिवशी घरोघर फिरून नळाचे आणि बोअरिंगचे पाणी बाटल्यांत भरले, तपासले, आणि कोणत्या चाळीत पाणी उकळल्याशिवाय प्यायचे नाही याची यादी विहाराच्या फळ्यावर लावली. ती यादी वाचून बायकांनी वर्गणी काढली आणि गटारातून गेलेले जुने पाइप प्लंबर लावून वर घेतले.

पुढे एका संस्थेने तिला महिला दिनाला बोलावले. पोरीने हौसेने पाण्याचे सगळे लिहून काढले. आदल्या आठवड्यात बाईंचा फोन आला. पाण्याचे ऐकून म्हणाल्या, "ते छानच आहे हो, पण तुमचा संघर्ष?" ती म्हणाली, "मला तसं कोणी काही केलं नाही." बाई हिरमुसल्या. मग म्हणाल्या, "आजीचं काही असेल ना? ते सांगा. लोकांच्या मनाला भिडतं."

पोरगी आजीकडे आली. माझी आई आता ऐंशीच्या पुढे आहे. तांदूळ निवडत बसली होती. "आजी, गावाला विहिरीवर तुला पाणी भरू देत नव्हते ना, ते नीट सांग," असे नात म्हणाली, तेव्हा आईने सूप बाजूला ठेवले. "त्यांना पाण्याचंच ऐकायचं आसंल तर तू तपासलेलं सांग की. माझं ऐकून त्यांच्या नळाला चांगलं पाणी येनार हाय का? माझं कुनाला सांगायचं ते मी ठरवीन."

पोरीने तसे कळवले. त्यानंतर पुन्हा फोन आला नाही. त्या संध्याकाळी ती मला म्हणाली, "आत्या, माझ्याकडे दुःख नाही म्हणून मी त्यांच्या कामाची नाही का गं?"

तिचा हा प्रश्न मला फार लागला. ज्या पोरीला अपमान सोसावा लागू नये म्हणून दोन पिढ्या झिजल्या, तिलाच आज अपमान नाही म्हणून कमीपणा वाटावा? आपल्या मुलांना जर असे वाटू लागले की जखम दाखवली तरच कोणी ऐकते, तर ती जखमा शोधत बसतील आणि हातातले काम मागे ठेवतील. आणि ज्याला आजही खरोखर छळ सोसावा लागतो, त्याचे बोलणेही मग भाषणात जमा होईल.

पाण्याचाच विषय निघाला म्हणून महाडचे पाहा. शाळेच्या भाषणांत महाड म्हणजे काय? तहानलेले लोक, अडवलेले तळे आणि एक ओंजळ पाणी. ऐकणाऱ्याला गहिवरून येते. पण महाड एवढेच नव्हते. १९२३ साली रावबहादूर सी. के. बोले यांनी मुंबईच्या कायदे कौन्सिलात ठराव आणला की सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले असावेत. १९२४ मध्ये महाडच्या नगरपालिकेने तसा ठराव केला. तो कागदावरच राहिला, म्हणून २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब लोकांना घेऊन चवदार तळ्यावर गेले. पुढे सनातन्यांनी कोर्टात दावा लावला. तो दहा वर्षे चालला आणि मार्च १९३७ मध्ये मुंबई हायकोर्टात आपली बाजू खरी ठरली. म्हणजे ठराव, संघटना, वर्गणी, वकिली आणि दहा वर्षांची चिकाटी असे ते सगळे मिळून महाड आहे. यातली तहान तेवढी लोकांच्या लक्षात राहते, चिकाटी राहत नाही. कारण तहानेची कीव करता येते. चिकाटीपुढे मान द्यावी लागते, आणि ते जड जाते.

कीव करायला काही खर्चही येत नाही. ऐकणाऱ्याचे डोळे भरतात, आपण किती सहृदय असे त्याला वाटते आणि तो समाधानाने घरी जातो. गोष्ट खेड्यातली असते, जुन्या काळातली असते, दोष कुठल्या तरी पाटलाचा असतो. त्याच माणसाला विचारा, की तुमच्या सोसायटीत भाड्याने खोली देताना आडनाव का विचारता? गटारात उतरून सफाई करवून घेण्यावर २०१३ चा कायदा आहे, तरी माणसे गटारात मरतात, त्यावर तुम्ही काय करता? मग डोळे कोरडे होतात.

दुःख सांगूच नये, असा याचा अर्थ कोणी काढू नये. १९७८ साली दया पवारांचे 'बलुतं' आले तेव्हा आपल्यातल्याच काही शिकलेल्या लोकांनी नाक मुरडले, घरची लक्तरे बाहेर का टांगता म्हणाले. ते चूक होते. त्या पुस्तकांनी मराठीला जे ठाऊक नव्हते ते दाखवले. आणि २९ सप्टेंबर २००६ ला भंडारा जिल्ह्यात खैरलांजीला भोतमांगे कुटुंबातली चार माणसे मारली गेली, तेव्हा कार्यकर्त्यांनी गावात जाऊन माहिती काढली नसती, लोक रस्त्यावर उतरले नसते, तर ते प्रकरण दडपलेच गेले असते. तिथे सांगणे म्हणजे साक्ष होती. साक्ष गुन्हेगाराकडे बोट दाखवते, न्याय मागते.

पण त्या साक्षीचे काय झाले तेही ध्यानात ठेवा. २००८ मध्ये भंडाऱ्याच्या कोर्टाने सहा जणांना फाशी आणि दोघांना जन्मठेप दिली. २०१० मध्ये नागपूर खंडपीठाने फाशी रद्द करून पंचवीस वर्षांची शिक्षा केली. हा जातीय अत्याचार होता, हे मात्र दोन्ही कोर्टांनी मानले नाही. त्या कुटुंबाचे हाल सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक झाले, अंगावर काटा येईल इतके तपशील छापून आले, पण ते ज्या कारणाने झाले ते कारण निकालात आले नाही. भैयालाल भोतमांगे २०१७ साली गेले. लोक हळहळले म्हणजे न्याय मिळाला असे होत नाही, हे आपण त्यातून शिकायचे.

आपल्या लेखकांच्या वाट्यालाही हेच आले. बेबी कांबळे यांचे 'जिणं आमुचं' १९८६ साली पुस्तकरूपाने आले आणि २००८ मध्ये इंग्रजीतही गेले. त्यातली उपासमार, सासुरवास यांवर पुष्कळ बोलले जाते. पण त्याच बाईंनी फलटणजवळ निंबुरे येथे भटक्या-विमुक्तांच्या मुलांसाठी आश्रमशाळा चालवली, हे किती जणांना ठाऊक आहे? उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी गावोगाव फिरून, म्हाताऱ्या बायांना भेटून 'आम्हीही इतिहास घडवला' हे पुस्तक १९८९ मध्ये काढले. बाबासाहेबांच्या चळवळीत बायकांनी सभा कशा घेतल्या, सत्याग्रहात भाग कसा घेतला, हे त्यात आहे. आपल्या किती घरांत ते आहे?

२०१० च्या डिसेंबरात ठाण्याला मराठी साहित्य संमेलन भरले. अध्यक्ष होते उत्तम कांबळे. लोकलच्या डब्यात शेजारच्या बायका त्यांच्या लहानपणच्या हलाखीबद्दल कौतुकाने बोलत होत्या. त्यांनी लिहिले काय, हे त्यांतल्या एकीनेही विचारले नाही.

आणि खुद्द बाबासाहेब? 'वेटिंग फॉर अ व्हिसा' मध्ये त्यांनी आपल्या अपमानाचे प्रसंग लिहिले आहेत. लहानपणचा कोरेगावचा प्रवास, बडोद्याला राहायची जागा गेली तो दिवस, चाळीसगाव, दौलताबादचा किल्ला. अस्पृश्यता म्हणजे काय हे परक्या माणसाला कळावे म्हणून मोजके प्रसंग, मोजक्या पानांत. सरकारने काढलेल्या त्यांच्या ग्रंथांच्या जाडजूड खंडांत ही पाने थोडीच आहेत. बाकी रुपयाचा प्रश्न आहे, शेती आहे, कायदा आहे, मजुरांचे हक्क आहेत, बुद्ध आणि त्याचा धम्म आहे. दुःख कुठे सांगायचे, किती सांगायचे आणि कशासाठी सांगायचे, हे ते स्वतः ठरवत होते.

आपणही ते ठरवायला शिकू या. यापुढे कोणी "तुमचा अनुभव सांगा" म्हणून बोलावले, तर आधी विचारावे, ऐकून तुम्ही काय करणार आहात? आमच्या कामाबद्दलही बोलू द्याल का? उत्तर पटले तर जावे, नाही तर "जयभीम" म्हणून फोन ठेवावा.

आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसांपाशी बसताना त्यांनी काय सोसले तेवढेच विचारू नका. विहार कोणी बांधला, महिन्याला किती वर्गणी होती, भिशीचा हिशोब कोण ठेवत असे, पहिली मुलगी मॅट्रिक झाली तेव्हा फी कोणी भरली, रेल्वेतल्या युनियनमध्ये बाबा काय करत होते, हेही विचारा. तारखा आणि आकडे वहीत लिहून ठेवा. कोणी मागितले नाही तरी मुलांना वाचून दाखवा.