बुधवारचा कोसिदो

माद्रिदच्या चांबेरी भागात, आमच्या गल्लीच्या कोपऱ्यावर, जेमतेम आठ-दहा टेबलांचं एक हॉटेल आहे. पाटी इतकी मळकी की पाहुण्यांना तिथे न्यायचं म्हटलं की ते आधी माझ्याकडे बघतात. स्पेनला येणाऱ्यांना तापास हवे असतात. इथली कामावरची माणसं आणि पेन्शनर मात्र दुपारी ‘मेनू देल दिया’ जेवतात: आधी एक पदार्थ, मग दुसरा, सोबत पाव, वाइन किंवा पाणी, शेवटी गोड किंवा कॉफी, आणि सगळं मिळून एकच किंमत. 1960 च्या दशकात फ्रँको राजवटीने पर्यटकांना ठरावीक दरात जेवण मिळावं म्हणून हॉटेलांना हे करायला लावलं. पर्यटक पुढे तापासच्या मागे गेले. मेनू राहिला गल्लीतल्यांना. हुकूमशहाच्या खात्यातून एवढी चांगली गोष्ट निघावी, हे मला अजून पचत नाही. जेवण पचतं.

पावणेतीनला गेलात तर दारात उभं राहायची तयारी ठेवा. टेबलावर कागद अंथरलेला असतो आणि हिशोब त्याच कागदावर पेनाने होतो. लाल वाइनची बाटली येते, तिच्यासोबत गोडसर सोडा. वाइनचे जाणकार नाक मुरडतील, पण उन्हाळ्यात ते मिश्रण छान लागतं.

बुधवारी कोसिदो. तो तीन फेऱ्यांत वाढतात. आधी नुसतं सूप, आत केसासारख्या बारीक शेवया. मग काबुली चणे, बटाटा, गाजर आणि लसणावर परतलेला कोबी. शेवटी मांसाचं ताट: गोमांस, कोंबडी, डुकराची चरबी, लालभडक चोरिसो. तिसऱ्या फेरीपर्यंत माझं पोट तुडुंब भरलेलं असतं. चोरिसोचा एक तुकडा घेते आणि ताट शेजारच्या आजोबांकडे सरकवते. ते नको म्हणत नाहीत.

माझा जीव चण्यांत. बोटाने दाबला की लोणी, पण साल शाबूत. एकदा स्वयंपाकघराच्या दारातून पाहिलं: चणे जाळीच्या पिशवीत बांधून हाडं-मांसाच्या उकळत्या पातेल्यात सोडलेले. फुटत नाहीत आणि पिशवी धरून एका झटक्यात बाहेर काढता येतात. रात्रभर भिजवायचे आणि गरम पाण्यातच टाकायचे. मध्ये पाणी कमी पडलं तर? मालकीणबाईंनी डोळे वटारले. गार पाण्याचा थेंबही नाही, दाणे दगड होतील! आमच्या आईचंही हेच: वरचं पाणी आधणाचंच हवं.

आजोबांच्या मते चणे पूर्वीचे राहिलेच नाहीत. त्यांची आई ते ओलाविदे चौकातल्या अष्टकोनी मंडईतून आणायची. 1974 मध्ये ती मंडई सुरुंग लावून उडवली. आता त्या गोल चौकात कारंजं आहे, भोवती बारची टेबलं. आजोबा तिथे बसत नाहीत.

जेवण झालं तरी उठायची घाई कुणालाच नसते. बाहेर लोक ताटकळत असले तरी मालकीणबाई कुणाला उठवत नाहीत. मेनूत गोड किंवा कॉफी यांतलं एकच, असं फळ्यावर ठळक लिहिलंय. आजोबांना न मागता दोन्ही येतं. मला अजून विचारतात, “फ्लान की कॉफी?”