गाळी जास्ती आयतु!

दिवाळीत तुकईथडला मावशीकडे गेलो होतो. पुतण्याने मोटारसायकलचा मूळचा एअर फिल्टर काढून बाजारातला उघडा फिल्टर बसवला होता. सौ.ला मागे बसवून निघालो. वळणावर ॲक्सिलरेटर पिळला, तर इंजिन अडखळलं आणि मागून ट्रक! थोडक्यात वाचलो. मी पेट्रोलला नावं ठेवली.

मिस्त्री म्हणाला, "सर, हवा वाढली, पण कार्बोरेटरचा जेट जुनाच. पेट्रोल कमी पडतं."

धारवाडची सौ. उद्गारली, "गाळी जास्ती आयतु!"

एक भाग पेट्रोलला वजनाने साधारण १५ भाग हवा, हे प्रमाणच बिघडलं होतं. मूळचा फिल्टर लावताच गाडी सुरळीत झाली. पुतण्या हिरमुसला. "हौस कर, पण जेटही बदल," एवढंच म्हणालो. रागावणार कसा? विशीत मीही सायलेन्सर काढला होता!